"नववीपर्यंत ढकल, मग सुटलास"

यूएईतल्या आपल्या घरांत हे वाक्य हमखास ऐकू येतं: "अरेबिक ना? नववीपर्यंत ढकल कसंतरी, मग सुटलास." इथल्या खासगी शाळांत बिगर-अरब मुलांना पहिली ते नववी अरबी सक्तीची आहे, त्यामुळे वाक्य खोटं नाही. पण ऐकणारं पोर तिसरीत असतं. अजून सहा वर्षं ज्या तासाला बसायचंय तो वेळ फुकट आहे, असं आई-बाबाच म्हणतात. आणि टेस्टमध्ये मार्क कमी पडले की तेच चिडतात! त्यानं काय समजायचं?

अरबी आवडलीच पाहिजे असं मी म्हणत नाहीये. "बघ किती इंटरेस्टिंग आहे" हे नाटक मुलं लगेच ओळखतात. विषय नावडता राहू दे, परीक्षेच्या दिवशी पोटात गोळा येणं तेवढं थांबलं पाहिजे.

बहुतेकदा अडते ती लिपी. अक्षरं 28च, पण शब्दाच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी त्यांचं रूप बदलतं. शिवाय वरच्या वर्गांत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा गळायला लागतात. काना-मात्रा काढून मराठी मजकूर दिला तर आपण तरी धड वाचू का? ज्याला अजून वाचताच येत नाही, त्याच्याकडून ट्यूशनमध्ये निबंध पाठ करून घेण्यात काय अर्थ आहे? त्यापेक्षा रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचायला लावा. गाडीतून जाताना दिसणाऱ्या दुकानांच्या पाट्याही चालतील. उत्तर तपासायला शेजारी इंग्रजी असतंच.

आणि आपल्या मुलांना एक फायदा आहे, जो कुणी त्यांना सांगतच नाही. अरबीच्या तासाला हजेरी देताना म्हणतात ते "हादिर" म्हणजे आपलं "हजर". दुकान, हिशेब, वकील, तारीख, बाकी हे सगळे मूळचे अरबी, बरेचसे फारसीमार्गे मराठीत आलेले. फोन नंबर विचारताना येणारा "रकम" हा शब्द तोच, ज्याची आपण "रक्कम" केली. अर्थ थोडे सरकलेत. तारीख म्हणजे अरबीत इतिहाससुद्धा. व्हिडिओ कॉलवर आजीला हे शब्द विचारायला सांगा. "अगं, हे तर आपलेच!" असं आजी म्हणाली की मुलीचा चेहरा बघा.

पुढच्या पालकसभेला मार्कांवरून हुज्जत घालू नका. "वाचनात मागे आहे की लिहिण्यात?" एवढंच शिक्षकांना विचारा. ट्यूशनचे पैसे त्यानंतर भरा.