पाटी बदलली, आतले घटक तेच

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या तरुणांपुढे वारंवार येणारा एक प्रश्न सीमाप्रश्नाच्या अभ्यासकांनीही समजून घ्यावा, असे आमचे मत आहे. एका संग्रहाच्या पोटात दुसरे संग्रह असतील, तर त्याचे रूपांतर वेगळ्या प्रकारच्या संग्रहात कसे करावे, हा तो प्रश्न.

उदाहरण आपल्याच जिल्ह्याचे घेऊ. बेळगाव जिल्हा ही तालुक्यांची यादी, आणि प्रत्येक तालुका ही गावांची यादी. म्हणजे ही याद्यांची यादी झाली. आता प्रत्येक तालुक्यातील गावांचा संच हवा आहे. ‘संच’ आणि ‘घटक’ हे शब्द मराठी माध्यमात शिकलेल्यांनी गणितात गिरवलेलेच आहेत. यादीला क्रम असतो व तिच्यात एकच नाव दोनदा येऊ शकते. संचात क्रमाला अर्थ नसतो व घटक एकदाच मोजला जातो. जावा, स्काला, हास्केल यांसारख्या प्रकारांबाबत काटेकोर असलेल्या भाषांत ‘याद्यांची यादी’ आणि ‘संचांची यादी’ हे भिन्न प्रकार होत. एकाच्या जागी दुसरा दिल्यास कंपायलर आज्ञावली स्वीकारत नाही.

रीत सरळ आहे. बाहेरची यादी उघडावी, एकेक तालुका हाती घ्यावा, त्याच्या गावांचा संच करावा आणि अशा संचांची नवी यादी बांधावी. या क्रियेस ‘मॅप’ म्हणतात. जितके थर, तितके आत उतरावे लागते. जावामध्ये आडवाटेने बाहेरच्या पेटीवर नुसती नवी पाटी डकवता येते. पण आतला जिन्नस बदलत नाही, आणि चूक पुढे, आज्ञावली चालू असताना, भलत्याच ओळीवर उघडकीस येते.

दुसरी आडवाट अधिक घातक आहे. तालुक्यांच्या भिंती पाडून सर्व गावांची नावे एकाच संचात ओतली, तर दोन तालुक्यांतील एकाच नावाची दोन गावे एक होऊन बसतात. एक गाव निमूटपणे नाहीसे होते, आणि प्रकार नियमानुसार जुळत असल्याने कंपायलर चकार शब्द काढत नाही.

आता कायद्याकडे वळू. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ७ अन्वये तत्कालीन मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, नव्या म्हैसूर राज्यात घातला गेला. चंदगड कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. म्हणजे जिल्ह्याची पेटी एक थर उघडली गेली. जिल्हा अविभाज्य नाही, हे त्या कायद्यानेच मान्य केले. मग तोच न्याय खानापूर तालुक्यास का लागला नाही? चिकोडी तालुक्याची पेटी उघडून निपाणी भागातील गावे एकेक करून का तपासली गेली नाहीत? बाहेरची पाटी बदलली. आतल्या घटकांना कोणी विचारलेच नाही.

शेवटच्या थरापर्यंत उतरणे अशक्य होते, असेही नाही. आंध्र-मद्रास सीमेबाबत पाटसकर यांनी खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या ही तत्त्वे लावली. त्यावर आधारलेला कायदा १९५९ मध्ये संसदेने संमत केला व १ एप्रिल १९६० पासून तो अमलात आला. १९६७ च्या महाजन अहवालाचे निष्कर्ष आम्हांस अमान्य आहेत. परंतु २६४ गावे महाराष्ट्रास व २४७ गावे कर्नाटकास, अशी शिफारस करताना त्या आयोगासही गावापर्यंत उतरावेच लागले.

गाव हा घटक धरल्यास बाजार, रस्ते, न्यायालये यांची घडी विस्कटेल, असा आक्षेप घेतला जातो. तो गंभीर आहे. पण सलगतेची अट त्याचसाठी आहे. प्रशासकीय सोय पाहावी; मात्र माणसांची भाषा हा तिच्यासाठी पुसून टाकायचा तपशील नव्हे.

महाराष्ट्राने २००४ मध्ये संविधानाच्या अनुच्छेद १३१ अन्वये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे. गावांच्या याद्या संगणकावर तयार करणाऱ्या आमच्या तरुण मित्रांना म्हणून एवढेच सांगणे : केवळ नावावर विसंबू नका, प्रत्येक गावापुढे २०११ च्या जनगणनेतील सहा अंकी संकेतांक लिहा. तालुक्याचा थर पुसू नका, पण त्याला गावाची ओळखही मानू नका. पूर्वी चिकोडी तालुक्यात असलेले निपाणी आज स्वतंत्र तालुका आहे. बाहेरच्या पेट्या राज्यकर्ते बदलत राहतील; गाव तेथेच आहे, आणि त्याची मोजदाद आपणच नीट ठेवली पाहिजे.