मासेमाराचं म्हातारपण पासष्टीलाच सुरू होतं का?



कर्नाटक सरकारचा नोकरदार ६० व्या वर्षी निवृत्त होतो, नदीपलीकडे महाराष्ट्रात बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी. आणि दूधगंगा-वेदगंगेत, हिडकलच्या पाण्यात जाळं टाकणारा आपला माणूस? त्याला सरकार ६५ पर्यंत थांबायला सांगतं.

२००७ साली सुरू झालेल्या संध्या सुरक्षा योजनेत अल्पभूधारक शेतकरी, शेतमजूर, विणकर यांच्याबरोबर मच्छीमारांचंही नाव आहे. महिन्याला १२०० रुपये मिळतात, पण वय ६५ पूर्ण लागतं. पलीकडे महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेचं वयही ६५ च. म्हणजे नदीच्या दोन्ही काठांवर तीच गत.

६० ला काहीच नाही असं नाही. इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजना आहे. केंद्रानं २०११ मध्ये तिचं वय ६५ वरून ६० वर आणलं. पण ती फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांना, आणि ८० वर्षांपर्यंत केंद्राचा वाटा अवघा २०० रुपये.

आमचं म्हणणं सरळ आहे. पहाटे गार पाण्यात उभं राहून ओलं जाळं ओढणाऱ्याचे गुडघे, कंबर, डोळे साठीच्या आधीच उत्तर देतात. केंद्राला २०११ मध्ये वय कमी करता आलं, तर राज्यानं निदान मच्छीमारांसाठी ६५ चं ६० करावं. पाच वर्षं म्हणजे ७२ हजार रुपये. गरीब घराला ही रक्कम लहान नाही.

पण मागणी मान्य होईपर्यंत हात बांधून बसू नका.

एक : घरातल्या म्हाताऱ्यांचं आधार काढून जन्मतारीख बघा. पुष्कळांच्या कार्डावर अंदाजानं १ जानेवारी टाकलेली आहे. वय दोन वर्षांनी कमी लागलं, तर १२०० च्या हिशेबानं २८,८०० रुपये बुडाले! शाळेचा दाखला असेल तर तो घेऊन दुरुस्ती करा. जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून नीट बघूनच करा.

दोन : अर्ज नाडकचेरीत द्यायचा. फॉर्म कानडीत असतो म्हणून एजंटला पैसे देऊ नका. कानडी वाचणारं पोर आता प्रत्येक गल्लीत आहे, त्याला बरोबर न्या.

तीन : तरुण पोरांनो, तुमचा आकडा ६० नाही, ४० आहे! श्रमयोगी मानधन आणि अटल पेन्शन, दोन्हींत १८ ते ४० मध्येच नाव घालता येतं. श्रमयोगीत १८ व्या वर्षी महिना ५५ रुपये, ४० ला २०० रुपये; तेवढेच सरकार भरतं, आणि साठीनंतर महिना ३००० मिळतात. एकेचाळिसावं लागलं की दार बंद.

आपल्या बापाला साठीनंतरही होडीत बसावं लागलं. आपल्यावर ती पाळी येऊ नये, एवढं तरी आत्ताच बघूया.

ज्यांच्या घरी साठी ओलांडलेलं कुणी आहे, त्यांनी ही पोस्ट पुढे पाठवा.