बीएसाठी बारा लाखांचे कर्ज?

बारावीचा निकाल लागला की आमच्या शिरपुरात इंजिनिअरिंग आणि फार्मसीचीच चर्चा असते. दोन्ही कॉलेजे गावातच आहेत, त्यामुळे ते साहजिक आहे. पण हल्ली अधूनमधून एखादी आई वेगळाच प्रश्न घेऊन येते. मुलगी हुशार आहे, वाचते, बोलते आणि तिला पुण्याच्या खासगी विद्यापीठात ‘लिबरल आर्ट्स’ करायचे आहे. “आपा, हे काय असते? आणि त्यासाठी बँकेचे कर्ज काढायचे का?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, साहित्य, जोडीला थोडे गणित किंवा संगणक असे विषय एकाच पदवीत मिसळून शिकायचे. आपल्या बीएचाच हा मोठा भाऊ म्हणा. “आर्ट्समध्ये काय ठेवलंय?” असे म्हणणाऱ्यांशी मी नेहमी वाद घालते. कायदा, शिक्षकी, पत्रकारिता, समाजकार्य, स्पर्धा परीक्षा हे सगळे रस्ते बीएवरूनही जातात. उर्दू, मराठी आणि इंग्रजी तिन्ही नीट येणारी मुले किती कमी आहेत, हे भाषांतर करून घ्यायची वेळ आली की कळते.

दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र कागद-पेन्सिल घ्यावी लागते.

समजा फी, वसतिगृह आणि जेवण मिळून वर्षाला 4 लाख रुपये लागतात. तीन वर्षांचे झाले 12 लाख. बँकेचा दर 10 टक्के धरू. शिक्षण चालू असताना आणि पुढे एक वर्ष बहुतेक बँका हप्ता मागत नाहीत, पण व्याज चालूच राहते. सरळव्याजाने ते 3 लाख 60 हजार होते. म्हणजे हप्ता सुरू होईल त्या दिवशी डोक्यावर 15 लाख 60 हजार. हे पंधरा वर्षांत फेडायचे तर महिन्याला पावणेसतरा हजार द्यावे लागतात. शेवटचा हप्ता भरेपर्यंत एकूण तीस लाख गेलेले असतात. शिवाय साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँक सहसा तारण मागते. आपल्याकडे तारण म्हणजे राहते घर, नाहीतर शेत.

आता मिळकतीकडे बघा. मी शिक्षिका आहे, म्हणून माझ्याच पेशाचा आकडा देते. अनुदानित शाळेत माध्यमिकला लागलेल्या शिक्षण सेवकाला 1 जानेवारी 2023 पासून 18 हजार रुपये मानधन मिळते, प्राथमिकला 16 हजार, आणि ते तीन वर्षे. त्याआधी बीएडची दोन वर्षे आणि टीईटी. बँकेची सवलत बीएनंतर एकच वर्षाची, म्हणजे मुलगी बीएडच्या वर्गात बसलेली असतानाच हप्ता दारात उभा. नोकरी लागली तरी 18 हजारांतून पावणेसतरा हजार गेले की बसभाडेही अब्बूंकडेच मागायचे. कंपनीत किंवा संस्थेत याहून जास्त पगार मिळवणाऱ्या मुली आहेत, पण त्या भरवशावर घर तारण ठेवू नये असे माझे मत आहे.

एक गोष्ट मला खटकते. हाच हिशेब आपण लग्नाच्या हॉलचा, जेवणावळीचा कधी करत नाही. तिथे उसनवारी चालते, मुलीच्या पुस्तकांपाशीच हात आखडतो.

सुदाचा मसला वेगळा आहे. त्यावर बोलण्याचा अधिकार माझा नाही, आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारा. सूरह बकरहमधली सर्वांत लांब आयत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, एवढेच आठवून देते. मामूंनी किंवा चाचांनी बिनव्याजी दिले तरी रक्कम, मुदत आणि साक्षीदार कागदावर असू द्या.

मग मुलीला नाही म्हणायचे का? मुळीच नाही. तेच विषय कमी खर्चात शिकता येतात. गावातल्या अनुदानित कॉलेजातून, जळगावच्या विद्यापीठाची पदवी घेत, काही हजारांत बीए होते. उर्दू माध्यमाच्या मुलींसाठी हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ आहे. ते 1998 पासूनचे केंद्रीय विद्यापीठ. अलीगढ, जामिया ही केंद्रीय विद्यापीठेही आहेतच. खासगीतच जायचे असेल तर अर्ज भरतानाच विचारा, उत्पन्नानुसार फी माफी आहे का? बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात अशी सोय आहे. माफी किती आणि किती वर्षांसाठी, हे लेखी घ्या. पहिल्या वर्षाची सूट दुसऱ्या वर्षी राहीलच असे नाही.

आपल्या राज्यात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ 3 टक्के दराने शैक्षणिक कर्ज देते. ते मुख्यतः व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी असल्याने साध्या बीएसाठी त्यावर विसंबू नका. पुढे बीएड किंवा एलएलबी करायचे ठरले तर मात्र जिल्हा कार्यालयात चौकशी करा.

राहिली एक नाजूक बाब. कर्जाच्या कागदावर अब्बूंबरोबर मुलीचीही सही असते. तीन-चार वर्षांनी रिश्ता येतो, तेव्हा त्या हप्त्याचे काय? काही घरांत ही गोष्ट निकाहनंतर कळते आणि मुलीला माहेर-सासर दोन्हीकडून ऐकावे लागते. मेहरविषयी जसे आपण समोरासमोर बसून बोलतो, तसे हप्ता किती, किती वर्षांचा, तिच्या पगारातून ती भरणार की अब्बू, हेही त्याच बैठकीत बोला. आणि सही करण्याआधी पंधरा वर्षांचा तो कागद मुलीला स्वतःला वाचू द्या. बारावी पास झाली आहे ती, आकडे तिला समजतात.