डॉ. कोटणीसांना ‘पीआर’ मिळाला असता का?

१/१२
सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी, पत्नी चिनी आहे या आधारावर, चीनच्या आजच्या नियमांनुसार कायम वास्तव्याचा अर्ज केला असता, तर तो नामंजूर झाला असता. विधान खोडसाळ वाटेल. पण आकडे तेच सांगतात. हा थ्रेड त्या आकड्यांविषयी, आणि त्यांत न मावणाऱ्या गोष्टींविषयी.

२/१२
प्रथम इतिहास. कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वैद्यकीय शिक्षण मुंबईत. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस हे पाच डॉक्टर सप्टेंबर १९३८ मध्ये चीनला पोहोचले.

३/१२
कायद्याच्या दृष्टीने कोटणीस तेव्हा ‘ब्रिटिश प्रजाजन’ होते. ज्या राजसत्तेने मे १९३० मध्ये सोलापूरवर मार्शल लॉ लादला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे यांना फाशी दिले, तिचीच ही प्रजा. कागदावरील नाते आणि मनातील नाते यांची फारकत सोलापूरकरांना नवी नव्हती.

४/१२
१९३९ च्या आरंभी पथक येनानला पोहोचले. सहकारी यथावकाश परतले, कोटणीस राहिले. वडिलांच्या निधनाची वार्ता त्यांना तिकडेच कळली. ते चिनी भाषा शिकले, उत्तरेकडील आघाडीवर शस्त्रक्रिया करीत राहिले. जानेवारी १९४१ मध्ये डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची धुरा त्यांच्याकडे आली.

५/१२
१९४१ च्या अखेरीस परिचर्येचे शिक्षण देणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र झाला. त्याचे नाव यिनह्वा. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराने कोटणीसांचा अंत झाला. वय अवघे ३२.

६/१२
आता आकडे. चीनच्या २००४ च्या नियमांनुसार जोडीदाराच्या आधारे कायम वास्तव्य हवे असेल, तर विवाहाला किमान ५ वर्षे व्हावी लागतात, सलग ५ वर्षांचे वास्तव्य लागते आणि दरवर्षी किमान ९ महिने देशात राहावे लागते. कोटणीसांचे वास्तव्य सुमारे सव्वाचार वर्षांचे, संसार जेमतेम वर्षभराचा. ‘विशेष योगदान’ हे कलम आहे खरे. पण साध्या वाटेने ते अपात्रच.

७/१२
पुत्राची गोष्ट अधिक चमत्कारिक. १९२९ च्या चिनी कायद्यात अपत्याचे राष्ट्रीयत्व पित्यावरून ठरे. १९१४ च्या ब्रिटिश कायद्यानेही पिताच पाहिला जाई. शिवाय ब्रिटिश प्रजाजनाची परदेशी पत्नी आपोआप ब्रिटिश प्रजा होई. रणभूमीवरचा तो विवाह कायदेशीर धरला, तर ‘भारत-चीन’ हे नाव धारण करणारे ते बाळ कागदोपत्री ना चिनी, ना भारतीय. ते सहाव्या जॉर्जची प्रजा!

८/१२
यावरून नियमांची थट्टा करणे सोपे आहे. मला ते मान्य नाही. राज्यसंस्थेला अंतःकरण मोजता येत नाही, म्हणून ती दिवस मोजते. कॅनडात २०१५ पासून चालणाऱ्या एक्स्प्रेस एंट्रीत एकट्या अर्जदाराला २० ते २९ या वयासाठी ११० गुण मिळतात, ४५ व्या वर्षापासून शून्य. हा हिशेब रुक्ष आहे. पण त्याऐवजी अधिकाऱ्याची मर्जी आली, तर ज्याची ओळख नाही त्याचाच अर्ज आधी मागे पडेल.

९/१२
चूक आपण करतो. राज्याचे माप आपण नात्यांना लावतो. घरातील मुलाने ‘पीआर’साठी अर्ज केला की कुणी म्हणते, ‘गेला तो, आपला उरला नाही’. कुणी पेढे वाटून म्हणते, ‘आता तो तिकडचा झाला.’ दोन्ही उद्गारांत एकच गैरसमज आहे: कार्ड हाती येताच माणूस एका भूमीतून उपटला जातो आणि दुसरीत रुजतो.

१०/१२
यावर आक्षेप येईल, की कोटणीस सेवेसाठी गेले, आजचे तरुण पगारासाठी जातात; तुलना अन्यायाची आहे. भेद खरा आहे. म्हणून दुसरे उदाहरण सोलापूरचेच घेऊ. १८७७ मध्ये येथे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल उभी राहिली. शहराचा वस्त्रोद्योग वाढत गेला, तसे तेलंगणातील पद्मशाली विणकर पोटासाठी येथे येत राहिले.

११/१२
त्यांतील अनेक जण निजामाच्या मुलखातून आले होते. सोलापूर ब्रिटिश जिल्हा; संस्थानी प्रजा ब्रिटिश कायद्याने ‘ब्रिटिश प्रजाजन’ नव्हे, केवळ ‘संरक्षित’. म्हणजे सीमा ओलांडूनच ते आले. घरात तेलुगू राखली, बाजारात मराठी बोलले आणि सोलापुरी चादरीला नाव मिळवून दिले. त्यांनी गावाशी द्रोह केला असे कुणी म्हणत नाही. ते सोलापूरकर नाहीत असेही कुणी म्हणत नाही.

१२/१२
हाच न्याय टोरांटो वा मेलबर्नला निघालेल्या मुलांना लावावा, एवढेच माझे म्हणणे. अर्ज नीट भरावा, अटी पाळाव्यात, गुण मोजावेत. ते राज्याचे देणे आहे. पण त्या गावाची भाषा शिकणे, तेथील माणसांच्या अडीअडचणीला उभे राहणे आणि सोलापूरशी बोलणे न तोडणे, यांचा रकाना कोणत्याही अर्जात नसतो. कोटणीसांच्या जन्मघरी आज स्मारक आहे. निघण्यापूर्वी एकदा तेथे जाऊन यावे.