हिरवा दिवा आणि व्यापाऱ्याचा शब्द

बिदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांतील आपल्या पेढ्यांवर सांप्रत एक वाक्य फार सुलभ झाले आहे. शेतकऱ्याची पट्टी थांबली, गाडी दाराशी खोळंबली, लिलावातील बोली वेळेत गेली नाही, की गादीवरून उत्तर येते, “नेट बंद होते.” हे वाक्य पुष्कळदा खरे असते. परंतु ते खरे आहे हे उच्चारणाऱ्यास ठाऊक असते काय, हा आमचा प्रश्न आहे. आणि सत्याणुव्रत मानणाऱ्या समाजाने तो स्वतःस विचारणे अगत्याचे आहे.

व्यापाराची रीत कशी पालटली हे सभासद बंधूंस सांगावयास नको. २०१४ साली कर्नाटकात एकीकृत बाजार व्यवस्थेचा आरंभ झाला आणि बाजार समित्यांतील बोली संगणकावरून जाऊ लागली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल आले, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढालीच्या पेढ्यांस ई-इन्व्हॉइस करणे भाग पडले. बसवकल्याणहून उमरग्याकडे निघालेली कापडाची गाडी अंतराने जवळ जात असली तरी परराज्यात जाते. ५०,००० रुपयांवरील करपात्र माल बिलावाचून निघाला तर गाडी अडकते व दंड भरावा लागतो. म्हणजे जी तार पूर्वी सोयीची होती ती आता तराजूइतकीच आवश्यक झाली आहे. तराजू आपण पडताळून घेतो. तार मात्र कोणी पडताळीत नाही.

बहुतेक ठिकाणी तपासणी म्हणजे राउटरवरील हिरवा दिवा पाहणे. इथरनेटची तार जेथे जोडलेली असते तेथे तो लागतो, आणि मुनीम म्हणतो, “दिवा तर लागला आहे!” तथापि तो दिवा एवढेच सांगतो की तारेच्या दुसऱ्या टोकास एखादे चालू यंत्र आहे. त्यापुढील वाट खुली आहे की नाही हे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. दाराशी गाडी उभी आहे म्हणून मांजरेवरील पूल शाबूत आहे, असे कोण म्हणेल?

खरी परीक्षा निराळी आहे व ती सोपी आहे. डिसेंबर १९८३ मध्ये माइक मूस या अमेरिकन गृहस्थांनी तेथील सैन्याच्या एका प्रयोगशाळेत ‘पिंग’ नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. एका पत्त्यावर लहानसा संदेश धाडावयाचा आणि उत्तर किती वेळात परतते हे मोजावयाचे, इतकेच त्याचे काम. ही परीक्षा घराकडून बाहेर अशा क्रमाने घ्यावी. प्रथम संगणकाचा स्वतःचा पत्ता, १२७.०.०.१, मग आपला राउटर, मग नेट पुरविणाऱ्याचे पहिले ठाणे, मग ८.८.८.८ अथवा १.१.१.१ यांसारखा बाहेरचा प्रसिद्ध पत्ता. आणि शेवटी आकड्यांऐवजी नावाने एखादे स्थळ. जेथे उत्तर प्रथम थांबते तेथे दोष शोधावा. आकडी पत्ता उत्तर देतो पण नाव देत नाही, तर रस्ता ठीक आहे, नावांची वही बिघडली आहे. मात्र पुष्कळ सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. म्हणून एकाच्या मौनावरून निकाल देऊ नये.

ज्या पेढ्यांवर दोन जोडण्या आहेत तेथील राउटरमध्ये ही परीक्षा आपोआप होत राहील अशी योजना बहुधा असते. ती लावताना चार गोष्टी पाहाव्यात. पत्ते दोन द्यावेत. दर दहा सेकंदांनी परीक्षा घ्यावी, आणि लागोपाठ तीन वेळा उत्तर न आल्यासच जोडणी तुटली असे धरावे. नाहीतर क्षणिक अडथळ्यानेही धावपळ होते. प्रत्येक जोडणीची परीक्षा तिच्याच मुखातून बाहेर पडेल असे नेमून द्यावे; तसे न केल्यास संदेश दुसऱ्या चालू तारेवरून जातो आणि मेलेली तार जिवंत ठरते. चौथी गोष्ट म्हणजे निकालाची वेळेसह नोंद राहावी.

कोणी म्हणतील, ही नेटवाल्यांची कामे, व्यापाऱ्याने यात का पडावे? त्यांस आमचे उत्तर असे की तक्रार करणे हेही एक विधान आहे. गादीपासून गोदामापर्यंत नेलेली तांब्याची तार शंभर मीटरांची मर्यादा ओलांडीत असेल, अथवा उंदराने कुरतडलेली असेल, तर दोष आपल्या घरचा आहे. तो दुसऱ्याच्या माथी मारणे हा मिथ्यारोप होय. उलट, “सव्वानऊपासून राउटर उत्तर देतो, तुमचे ठाणे देत नाही,” असे नोंदीवरून सांगणाऱ्यास टोलवाटोलवीची उत्तरे देणे कठीण जाते. आणि ज्याची पट्टी थांबली त्या शेतकऱ्यासही कारण खरे सांगता येते.

आपले मुनिजन प्रत्येक उपकरण घेण्यापूर्वी व ठेवण्यापूर्वी पाहून घेतात. त्या प्रतिलेखनाचा हेतू जीवदयेचा, म्हणून फार उच्च आहे. तथापि पाहिल्यावाचून वापरू नये, ही त्यातील सवय गृहस्थानेही उचलण्याजोगी आहे.

यास्तव आमची सूचना अशी की, नव्या तुरीची आवक सुरू होण्यापूर्वी संघाने एक दिवस मुनीम व पेढीवरील तरुण मुलांस एकत्र बोलावून ही परीक्षा शिकवावी. पत्त्यांचा क्रम एका कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवावा. ई-वे बिल एसएमएसने काढण्याची सोय आहे. तीसाठी आपला मोबाइल क्रमांक आधीच नोंदवून ठेवावा. यास फारसा खर्च नाही, अर्ध्या दिवसाचे श्रम आहेत. इतके झाल्यावर आपल्या पेढीवरून “नेट बंद होते” असा शब्द गेला, तर ऐकणाऱ्याने तो हुंडीसारखा खरा मानावा, एवढी पत आपण राखू शकतो.