दूध उतू जाण्याआधी



आज एक अगदी घरगुती प्रश्न विचारते. गॅसवर दूध तापत ठेवलंय आणि तुम्ही शेजारी उभे आहात. दूध वर येऊ लागलं की तुम्ही काय करता? गॅस बारीक करता. दूध खाली बसलं की पुन्हा थोडा मोठा करता. बस्स, एवढं ज्याला कळलं त्याला आजचा विषय अर्धा कळला. विषय आहे गिटार आणि बेस गिटारसाठी वापरायचा ट्यूब कंप्रेसर पेडल. नाव ऐकून पळू नका. घरात कोणी गिटार वाजवत नसलं तरी शेवटपर्यंत या, कारण या गोष्टीत आमची आईही आहे.

आम्ही वाराणसीत दुर्गाघाटाजवळ राहतो. इथल्या मराठी घरांत गणपती अजूनही थाटात बसतात आणि संध्याकाळी घरातल्याच मुलांचा गाण्याबजावण्याचा कार्यक्रम होतो. मागच्या वर्षी माझा भाचा गिटारवर होता आणि भाची बेसवर. अभंग सुरू झाला आणि पंचाईत झाली. भाचीने मोकळी तार छेडली की खिडक्या थरथरायच्या, आणि बोट दाबून नाजूक सूर काढला की तो ढोलकीखाली गडप. साउंडवाले काका सारखे बटण वर-खाली करून दमले. शेवटी म्हणाले, “बिटिया, या तो तुम सँभालो, या कोई मशीन सँभाले.”

तीच ही मशीन. पायाने दाबायचा वीतभर डबा. गिटारची वायर त्यात जाते आणि तिथून पुढे अँप्लिफायरला.

आता पुन्हा दुधाकडे या. दूध पातेल्याच्या कुठल्या रेषेला आलं की तुमचा हात हलतो? ती रेषा म्हणजे ‘थ्रेशोल्ड’. आवाज त्या रेषेखाली असेल तर पेडल काहीच करत नाही. गॅस किती बारीक करायचा, हे ठरवतो ‘रेशो’. ४:१ असेल तर रेषेच्या वर १२ डेसिबल गेलेला आवाज फक्त ३ डेसिबल वर राहतो, म्हणजे ९ डेसिबल दाबला जातो. हात किती चपळाईने बटणापर्यंत पोहोचतो, तो ‘अटॅक’. दूध बसल्यावर गॅस किती वेळाने पुन्हा पूर्ववत होतो, तो ‘रिलीज’. हे सगळं केल्यावर एकूण आवाज खाली आलेला असतो, तो उचलून घ्यायचा ‘गेन’ने. गंमत इथेच आहे. मोठा आवाज आधीच आवरलेला असल्यामुळे गेन वाढवला की बारीक आवाज वर येतो.

आपले जुने गायक हे माईकवर स्वतःच करतात. तार सप्तकात जाताना मान मागे घेतात, मंद्रात उतरताना पुढे येतात. मान हाच त्यांचा कंप्रेसर.

मग ‘ट्यूब’ कशाला? ज्यांच्या घरी आजोबांच्या काळचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना आठवेल. लावल्यावर लगेच आवाज यायचा नाही, आत केशरी उजेड पडायचा आणि मग हळूहळू गाणं उमटायचं. ते व्हॉल्व्ह म्हणजेच ट्यूब. आवाज आवरणारी मोठमोठी यंत्रं स्टुडिओत पूर्वी याच ट्यूबवर चालत. अमेरिकेतल्या ‘फेअरचाइल्ड ६७०’ या प्रसिद्ध कंप्रेसरमध्ये तब्बल २० ट्यूब होत्या आणि वजन सुमारे ३० किलो! ट्यूबवर जोर आला की ती आवाजाला एकदम कापत नाही, कडा जरा गोल करते. म्हणून लोक त्या आवाजाला ‘उबदार’ म्हणतात.

पेडलमध्ये बहुतेक वेळा १२एएक्स७ नावाची एखादी छोटी ट्यूब असते. खरेदीला जाल तेव्हा एक लक्षात ठेवा. अनेक पेडलमध्ये आवाज आवरण्याचं काम दुसरंच सर्किट करतं, ट्यूब फक्त आवाजाला रंग देते. काहींत तर ट्यूबला फार कमी व्होल्टेज मिळतं आणि दिसणारा झगमगाट तिच्यामागे लावलेल्या एलईडीचा असतो. त्यात वाईट काही नाही, पण उजेडाचे पैसे मोजू नका. कानाला आवडलं तरच घ्या.

विजेचंही सांगते. या ट्यूबचा तापणारा भागच ६.३ व्होल्टवर ३०० मिलिअँपिअर खातो. म्हणून साधी ९ व्होल्टची बॅटरी इथे टिकत नाही, पेडलसोबत आलेला अडॅप्टरच वापरा. व्होल्टेज, मिलिअँपिअर, एसी की डीसी आणि प्लस-मायनसची बाजू, चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. सुरू केल्यावर मिनिटभर गरम होऊ द्या, मगच वाजवा. आणि मुलांनो, डबा उघडायचा नाही. काही ट्यूब पेडलच्या आत दोनशे-तीनशे व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही काही काळ आत वीज साठून राहते.

आता हात लावूया. गिटारसाठी रेशो ३:१ किंवा ४:१ ठेवा. अटॅक २० ते ३० मिलिसेकंद, म्हणजे प्लेक्ट्रमची ‘टक्’ आधी निसटते आणि मग हात पडतो. अटॅक अगदी जलद केलात तर ती टक् मरते आणि सूर उशीतून आल्यासारखा वाटतो. रिलीज २०० मिलिसेकंदांच्या आसपास. पेडलवर आकडे नसतील तर सगळी बटणं मध्यावर ठेवून सुरुवात करा. मग थ्रेशोल्ड इतकाच खाली आणा की जोरात छेडल्यावरच पेडल जागा होईल. त्यावर मीटर असेल तर ३ ते ६ डेसिबल दाब पुरे.

बेसची गोष्ट थोडी वेगळी. बेसच्या सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावतो, म्हणजे एका कंपाला जवळजवळ २४ मिलिसेकंद लागतात. अटॅक आणि रिलीज त्याहून फार जलद ठेवले तर पेडल सुराचा जोर मोजायचं सोडून प्रत्येक कंपाच्या मागे धावू लागतो आणि आवाज फाटतो. म्हणून बेससाठी अटॅक ३० ते ५० मिलिसेकंद ठेवा आणि रिलीजही घाईचा नको. पुढचा सूर येईपर्यंत मीटरचा काटा जेमतेम जागेवर आला, की रिलीज लयीत बसला समजा.

पेडलांची रांग असेल तर कंप्रेसर साधारणपणे सुरुवातीला, डिस्टॉर्शनच्या आधी ठेवा. नंतर ठेवलात तर डिस्टॉर्शनची सगळी खरखर तो प्रेमाने उचलून वर आणेल. तसंही त्याला चांगलं-वाईट कळत नाही. बारीक सुराबरोबर वायरची गुणगुण आणि बोटांची घासही तो मोठी करतो.

आणखी एक फायदा म्हणजे सूर लांबतो. तार छेडल्यावर सूर हळूहळू विझत जातो, तसतसा पेडल आपला हात सैल करतो, त्यामुळे तो जास्त वेळ ऐकू येतो. आडव्या गिटारीवर कांडी सरकवून मींड घेणाऱ्यांना याचं मोल विचारा. आपल्या वाराणसीच्याच डॉ. कमला शंकर यांनी हवाईयन गिटारमध्ये बदल करून ‘शंकर गिटार’ घडवली आणि त्या ती गायकी अंगाने वाजवतात. गळ्यासारखा लांब श्वास तारेतून काढायचा, तर वाद्य आणि हात आधी तयार हवेत. पेडल फार तर मदतनीस, तो हाताची जागा घेत नाही.

हे आमच्या मुलांना मात्र पहिल्या दिवशी पटलं नव्हतं. उसना आणलेला पेडल, त्याची सगळी बटणं टोकाला. वाजवलं आणि दोघं खूश! एकही सूर वर नाही, एकही खाली नाही. आई पलंगावर बसून ऐकत होती. ती ७९ वर्षांची आहे, कानात मशीन आहे. मी विचारलं, “आई, कसं वाटलं?” ती म्हणाली, “सगळं ऐकू आलं गं. पण कोणी रागावत नाहीये आणि कोणी लाडही करत नाहीये.”

मुलं गप्प झाली. मग भाचीने विचारलं, “आजी, तुझ्या मशीनमध्ये पण असंच होतं का?”

हो, तसंच होतं! आजच्या श्रवणयंत्रातही कंप्रेसर असतो. वयामुळे कान गेले की बारीक आवाज आधी हरवतात, पण मोठे आवाज मात्र तितकेच टोचतात. सगळंच मोठं करणारं मशीन दिलं तर भांडं पडल्यावर जीव जातो. म्हणून ते यंत्र कुजबुज जास्त उचलतं आणि गोंगाट कमी. आईने सांगितलं, “नवं मशीन घातलं तेव्हा पंख्याचा आणि पावलांचा, सगळ्यांचा आवाज एकसारखा यायचा. तुम्ही दोघं हाक मारताय की टीव्ही, ते कळायचं नाही. मग डॉक्टरीणबाईंनी चार खेपा घालून ते बसवून दिलं. आता ओळखू येतं.”

त्या संध्याकाळी मुलांनी आजीलाच समोर बसवलं आणि बटणं एकेक मागे आणली. ती हात वर करेपर्यंत. थ्रेशोल्ड वर गेला, रेशो ४:१ वर आला, अटॅक सैल झाला. अभंगाची शेवटची ओळ भाचीने अगदी हळू वाजवली. ती आजीला ऐकू आली, आणि हळू आहे हेही कळलं.

माझ्या मते कंप्रेसरची खरी परीक्षा हीच. लहान आवाज ऐकू यावा, पण तो लहानच वाटावा. मोठा आवाज आवरावा, पण त्याचा रुबाब राहावा. दूध उतू जाऊ द्यायचं नाही, म्हणून गॅस बंद करून ठेवला तर ते तापणार कधी?

तुमच्यासाठी या वेळचा गृहपाठ: पेडल लावून एक ओळ वाजवा, मग तीच ओळ पेडल बंद करून. गेन असा ठेवा की दोन्ही वेळा आवाज सारखाच मोठा वाटेल, कारण जे मोठं ते कानाला उगाच चांगलं वाटतं. पेडल बंद केल्यावर काहीतरी हरवल्यासारखं वाटलं, पण चालू असताना तो आहे हे जाणवलंही नाही, तर नेमकं जमलं. आणि घरात कोणी कानात मशीन घालत असेल, तर त्यांना समोर बसवून विचारा. त्यांच्याइतका जाणकार परीक्षक तुम्हाला दुकानात मिळणार नाही.

या वर्षीच्या गणपतीची तालीम आमच्याकडे सुरू झाली आहे. पहिली खुर्ची अर्थातच आईची!

भेटूया पुढच्या वेळी. तोवर गात राहा, वाजवत राहा.