घरकुलाची यादी वाचली जाते तेव्हा तुम्ही कुठे असता?

‘यांना सगळं फुकट पाहिजे.’ कॉलेजच्या ग्रुपवर कुणी घरकुलाची बातमी टाकली की दहा मिनिटांत खाली हे वाक्य येतंच. मागोमाग हसणारे दोन-तीन इमोजी. तुम्ही स्वतः हे टाकलं नसेल, पण वाचून पुढे सरकला असाल. म्हणून आधी हिशेब करू.

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) 2016 मध्ये आली, तेव्हा सपाट भागातल्या घरासाठी 1 लाख 20 हजार रुपये ठरले. 2024 मध्ये केंद्राने योजना 2029 पर्यंत वाढवली, आणखी दोन कोटी घरं मंजूर केली, पण रक्कम तीच ठेवली. या काळात सिमेंटची गोणी आणि गवंड्याची हजेरी कुठल्या कुठे गेली, हे घरी बांधकाम काढलेल्या कुणालाही विचारा. घर किमान 25 चौरस मीटरचं हवं, म्हणजे साधारण 270 चौरस फूट. पैसे एकदम हातात येत नाहीत. पहिला हप्ता 15 हजारांचा, पुढचे हप्ते कामाचे फोटो चढवल्यावर. रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार वेगळे. पाया मात्र उसनवारी करूनच भरायचा. दुसरीकडे, शहरात फ्लॅट घेणाऱ्याला गृहकर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत वर्षाला 2 लाखांपर्यंत वजावट मिळते. तोही सरकारने सोडलेला पैसाच. त्याला ग्रुपवर कुणी फुकट म्हणत नाही.

आता मुद्दा. घरासाठीचा सरकारी पैसा वाढतो, टिकतो आणि योग्य दारापर्यंत पोचतो, तो कुणीतरी त्याच्या मागे लागल्यावरच. आपल्या जिल्ह्याने हे बघितलंय. एप्रिल 2023 मध्ये, भर उन्हात, किसान सभेचा मोर्चा अकोल्याहून लोणीकडे निघाला. लोणीच का, तर तत्कालीन महसूलमंत्री तिथले. राहत्या घराखालची जागा नावावर करा, ही त्यातली एक मागणी होती. ती महत्त्वाची, कारण जागेचा उतारा नसेल तर घरकुल मंजूर होऊनही बांधायचं कुठे? मोर्चा लोणीला पोचलाच नाही. संगमनेर तालुक्यातच मंत्र्यांना वाटेत येऊन बोलावं लागलं. त्याआधी महिनाभर, दिंडोरीहून मुंबईकडे निघालेल्या मोर्चाच्या मागणीपत्रात घरकुलाचं अनुदान 5 लाख करा असं लिहिलं होतं. 5 लाख झाले नाहीत. पण 2025-26 च्या अर्थसंकल्पात राज्याने आपल्याकडून 50 हजारांची भर घातली: 35 हजार बांधकामाला, 15 हजार छतावरच्या सौर यंत्रणेला. हे मोर्चामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण मागणी लेखी नसती तर अर्थसंकल्पाच्या वेळी आठवण कुणाला आली असती?

याहून चिवट उदाहरण शेजारी सोलापुरात आहे. नरसय्या आडम मास्तर आणि त्यांच्या संघटनेने विडी कामगार बायकांना एकत्र केलं. कामगारांचा हिस्सा गोळा केला, केंद्र आणि राज्याचा हिस्सा मागितला. कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहतीची 10 हजार घरं उभी राहिली. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. मग रे नगर, 30 हजार घरांचं. त्यातली पहिली 15 हजार 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली. दोन पंतप्रधान दोन वेगळ्या पक्षांचे आणि मागणारे तिसऱ्याच, लाल बावट्याचे! सरकारं बदलली तरी फाइल बंद पडली नाही, कारण ती सोडून न देणारी माणसं होती.

तुम्ही सेमिस्टर सोडून मोर्चाला जा, असं नाही म्हणत मी (गेलात तर बातमी करेन). मला वाटतं, पैसा जास्त गळतो तो मंत्रालयात नाही, तुमच्या गावच्या समाजमंदिरात. गळतो म्हणजे दरवेळी कुणी खातंच असं नाही. गरज असलेल्याचं नाव यादीत नसतं, एवढंच पुरतं.

घरकुलाची यादी ग्रामसभेपुढे यावी लागते. ग्रामसभेचा कोरम म्हणजे गावच्या मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यातला जो आकडा कमी तो. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते. आणि गंमत अशी, की तहकूब सभेला कोरमची अटच नाही! म्हणजे पहिल्या सभेला तुम्ही गेला नाहीत, तर दुसरीला दहा-बारा जण चहा पिऊन ठराव करून मोकळे. इंटर्नशिपमध्ये अशा दोन सभांना मी बसलेय. दोन्हीकडे पंचविशीच्या आतली मी एकटीच होते, आणि मी तर त्या गावची मतदारही नाही. ‘यादी बोर्डावर लावलेलीच आहे’, असं सांगून विषय पुढे गेला. कुणी हात वर केला नाही.

2 ऑक्टोबर ही ग्रामसभेची ठरलेली तारीख आहे. 2025 मध्ये त्याच दिवशी दसराही आला होता, म्हणजे सोनं वाटायला सगळे आणि सभेला कुणी नाही अशी गत. पण पाथर्डी-शेवगावच्या पोरांनो, तुमच्यासाठी ही तारीख चुकवण्यासारखी नाही. यानंतर तुमच्याकडची ऊसतोड कुटुंबं कारखान्यांवर निघतील. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला ती गावात नसतील. वर्षातला निम्मा काळ पाचटाच्या खोपीत काढणाऱ्या माणसाचं नाव पक्क्या घराच्या यादीतून सुटतं, ते तो हजर नाही म्हणून. त्याच्या वतीने बोलायला कोण आहे गावात? बहुतेक वेळा त्याचीच कॉलेजात शिकणारी पोरगी, आणि ती त्या दिवशी नगरच्या होस्टेलवर असते.

(हो, जिल्हा अहिल्यानगर झालाय, पण एसटीत अजून ‘एक नगर’ असंच तिकीट मागतात.)

मग करायचं काय? मतदार यादीत नाव असेल तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात, सरपंचाच्या परवानगीची गरज नाही. सभेआधी गावची यादी योजनेच्या सरकारी संकेतस्थळावर बघा, ती सगळ्यांना खुली आहे. वाडीवस्तीवर जाऊन कोण सुटलंय ते विचारा. एक गैरसमज हमखास सापडेल: ‘आमच्याकडे गाडी आहे, आम्हाला मिळत नाही.’ दुचाकीची ती अट 2024 मध्ये काढलीय. मासिक उत्पन्नाची मर्यादाही 10 वरून 15 हजार झालीय. स्वतःची जागा नसलेल्यांना जागा खरेदीसाठी 1 लाखापर्यंत मदत देणारी दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे, ती सांगा. एवढ्या पैशात रस्त्याकडेची जागा येत नाही, हे मलाही माहीत आहे. म्हणून तर गावठाणात, सरकारी जागेवर प्लॉट पाडून द्या असा ठराव मागायचा.

आणि मागणी लेखी द्या. पाच-सहा जणांच्या सह्या, दोन प्रती, एकीवर पोच. ग्रामसेवकांना (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, तसं म्हटलं तर खूशही होतील) सांगा, यादी बोर्डावर नको, माइकवर वाचा, एकेक नाव. सुटलेली नावं इतिवृत्तात लिहिल्याशिवाय हजेरी रजिस्टर बंद होऊ देऊ नका. सभा तहकूब झालीच, तर पुढची तारीख तिथेच विचारून घ्या, आणि ती तुमच्या त्या ग्रुपवर टाका.